अनंगपूर व सूरजकुंड परिसरातील घळी

अनंगपूर व सूरजकुंड परिसर : दिल्लीच्या दक्षिण सीमेला लागून हरियाणातील फरीदाबाद व गुरुग्राम जिल्ह्यांत पसरलेला अरवली रांगेचा उत्तरेकडील भाग. सांदण दरी किंवा निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्या मराठी माणसाने येथे तशा खोल कपारींची अपेक्षा ठेवू नये. टेकड्या बुटक्या आहेत आणि त्यांतले नाले पावसाळ्यापुरतेच वाहतात. दिल्लीचा वार्षिक पाऊस साधारण ७०० ते ८०० मिमी.; त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि टणक क्वार्टझाइट खडकावरून बघता बघता ओसरतो. हे पाणी घळीच्या तोंडाशी गाठून अडवण्याची खटपट येथे हजार वर्षांपासून चालू आहे. परिसरातील कित्येक प्रेक्षणीय स्थळे त्या खटपटीतूनच जन्मली आहेत.

त्यांत पहिला मान अनंगपूर बंधाऱ्याचा. सूरजकुंडापासून सुमारे २ किमी.वरच्या अनंगपूर गावाजवळ, दोन टेकड्यांमधल्या अरुंद घळीच्या मुखावर तो बांधलेला आहे. लांबी सुमारे ५० मी., उंची सुमारे ७ मी. परंपरेने त्याचे श्रेय तोमर राजा अनंगपाल याला दिले जाते. गावाचे नावही त्याच्यावरूनच पडले. शेजारच्या टेकडीतलेच दगड घडवून चिऱ्यावर चिरा बसवलेला आहे, त्यामुळे दुरून बंधारा डोंगराचाच एक थर वाटतो. जवळ गेल्यावर चिऱ्यांच्या सरळ रेषा दिसू लागतात. माथ्यावरून पाण्याच्या पातळीपर्यंत उतरायला पायऱ्या आहेत, पाणी सोडण्यासाठी मोऱ्या आहेत. आज मागे जलाशय नाही, झुडपे माजली आहेत. तरीही दिल्लीच्या किल्ल्या-मकबऱ्यांसाठी राखलेल्या दिवसांतला एक सकाळचा प्रहर या बंधाऱ्याला द्यावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. दिल्लीतील राजवटींच्या खुणा पुष्कळ उरल्या आहेत. त्या राजवटींनी पाणी कसे साठवले हे इतक्या उघडपणे दाखवणारी बांधकामे थोडी. याच भागात पुराश्मयुगीन दगडी हत्यारेही सापडली आहेत, म्हणजे या घळींत माणसाचा वावर तोमरांच्या कितीतरी आधीचा.

सूरजकुंड हा त्याच विचाराचा देखणा आविष्कार. दहाव्या शतकात तोमर राजा सूरजपाल याने ते बांधले असे भाटांची परंपरा सांगते. टेकड्यांवरून उतरणारे पाणी साठवणारा हा अर्धवर्तुळाकार, पायऱ्यापायऱ्यांचा दगडी तलाव. पश्चिमेला सूर्यमंदिर होते असे मानतात. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने कुंडाची डागडुजी केली. कुंडाच्या शेजारी १९८७ पासून दर फेब्रुवारीत हस्तकला मेळा भरतो. २०१९ मध्ये त्याचे संकल्पना-राज्य महाराष्ट्र होते. मेळ्याला लाखो लोक येतात, पण कुंडाच्या पायरीवर बसणारा क्वचित दिसतो.

उत्तरेला तुघलकाबादचा किल्ला (१३२१–२५) आहे. तो बांधणाऱ्या गियासुद्दीन तुघलकाचा मकबरा मुळात पाण्याने वेढलेला होता. किल्ल्याच्या दक्षिणेकडील सखल भागात पाणी अडवून तलाव केला होता आणि मकबऱ्यापासून किल्ल्यापर्यंत २७ कमानींचा सेतू होता. आता मेहरौली–बदरपूर रस्ता त्या सेतूला छेदून जातो आणि तलावाच्या जागी कोरडी जमीन आहे.

मांगर बनी ही या परिसराची देवराई. मांगर, बंधवाडी आणि बालियावास या गावांतील गुर्जर समाजाने गुदडिया बाबा या संतावरील श्रद्धेपोटी ती पिढ्यान्‌पिढ्या राखली. तेथील फांदी तोडू नये, गुरे चारू नयेत, असा दंडक आहे. येथले मुख्य झाड धौ, म्हणजे आपल्या धावड्याचा लहान पानांचा भाऊबंद. ते खडकाच्या भेगेत मूळ धरते आणि मुळांतून नवे फुटवे काढत उतारभर पसरते. बनीबाहेर, जेथे शेळ्या चरतात, तेथे हेच झाड खडकाला चिकटलेल्या गुडघाभर जाळीसारखे उरते. बनीत मात्र घळीचा सगळा उतार झाकून टाकते. हिवाळ्यात त्याची पाने तांबूस होतात. एका झाडाची ही दोन रूपे पाहिली की राखणीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दिल्लीच्या बाकीच्या डोंगराळ भागात वेड्या बाभळीने मूळ झाडांना हटवले आहे, त्यामुळे जुन्या अरवलीचे रान पाहायचे तर बनीतच. २०२१ मध्ये मांगर परिसरातील कातळाश्रयांत प्राचीन चित्रे आढळल्याचे जाहीर झाले. ही जागा सहलीची नाही. गावकऱ्यांना विचारून, त्यांच्या रीतीने जावे.

असोला-भट्टी अभयारण्य दिल्लीच्या हद्दीत येते. १९८६ मध्ये असोला भागापासून सुरुवात झाली, १९९१ मध्ये भट्टीचा खाणपट्टा जोडला गेला. क्षेत्र सुमारे ३२ चौ. किमी. नीलगाय, साळिंदर, कोल्हे आणि बिबटे येथे आहेत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथे निसर्गशिक्षण केंद्र चालवले आहे. ‘बदरपूर’ नावाची तांबडी वाळू उपसून पडलेले खोल खड्डे पाण्याने भरले आणि त्यांचे निळे तलाव झाले. फरीदाबादच्या बाजूलाही असे खाणतलाव आहेत. ते दिसायला सुंदर आहेत, पण कडे उभे तुटलेले आणि पाणी एकदम खोल. पोहायला उतरलेली तरुण मुले तेथे बुडाली आहेत. या पाण्यात पाय घालू नये.

खाणींनी घळींच्या पाणवाटा तोडल्या आणि भूजल खाली नेले. ६ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली–हरियाणा सीमेपासून ५ किमी.पर्यंतच्या अरवलीत खाणकाम व भूजल उपसा थांबवण्याचा आदेश दिला. २००९ मध्ये फरीदाबाद, गुरुग्राम व मेवातच्या अरवलीत खाणबंदी झाली. तोवर १९४७ च्या सुमारास बांध घालून तयार झालेला फरीदाबादचा बडखल तलाव आटत आला होता. ज्या तलावात नावा चालत, त्याच्या तळाशी पुढे गवत उगवले. फरीदाबाद स्मार्ट सिटी योजनेत शहराचे सांडपाणी शुद्ध करून या तलावात सोडण्याचे काम हाती घेण्यात आले.

ऑक्टोबर ते मार्च हवा सुखद असते, पण घळ वाहती पाहायची असेल तर ऑगस्टमध्ये, मोठी सर पडून गेल्यावर दुसऱ्या सकाळी अनंगपूरला जावे. व्हायोलेट लाइनवरचे बदरपूर बॉर्डर स्थानक त्या दृष्टीने सोयीचे. पुढे रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागते.