पेव आणि पंचनामा

आज्जीच्या माहेरी, मंगळवेढ्याला, अंगणात पेव होतं. जमिनीत खोल खड्डा, कडेनं कडबा नि भुसा, तोंडावर फरशी, वर माती. पीक चांगलं आलं की ज्वारी त्यात जायची आणि साल खराब गेलं की बाहेर निघायची. उघडल्या उघडल्या आत कुणी उतरायचं नाही. आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो विझला तर आतली हवा वाईट, निवांत थांबायचं. हे सांगताना आज्जी हातानं दोरी सोडून दाखवायची.

दामाजीपंतांची गोष्टही तिचीच. बिदरच्या बहामनी राजवटीतले मंगळवेढ्याचे अधिकारी. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी हुकमाची वाट न बघता सरकारी कोठारं लोकांना मोकळी केली. पुढं विठोबानं विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन पैसे भरले, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. आज्जी मात्र आधीच्या भागावर अडायची. "कोठार भरल्यालं हुतं, बाळा. तरीबी माणसं मरत हुती. का? तर हुकूम नव्हता."

हुकूम येतो, पण माणसं मेल्यावर. 1876-77 च्या दुष्काळात मोहोळ तालुक्यातल्या आष्टीच्या तलावाचं काम उपाशी माणसांच्या हातून झालं. आज्जीच्या आजेसासूनं लहानपणी आईबरोबर अशाच कामावर माती वाहिली होती. इंग्रज सरकारनं त्यात मजुरी घटवली, म्हणून मुंबई इलाख्यातले हजारो मजूर काम सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. दुष्काळ आयोगाचा अहवाल आला तो 1880 मध्ये आणि दुष्काळात सरकारनं काय करायचं याची संहिता त्याच्याही नंतर.

1972 च्या दुष्काळात आज्जी स्वतः खडी फोडायला गेली. सुकडी आणि मिलो, ही तेव्हाच्या खाण्याची नावं ती शेवटपर्यंत तोंड वाकडं करून उच्चारायची. तरी त्या कामानं आमचं घर जगलं, हेही तीच सांगायची. अशा कामाच्या हक्काची, म्हणजे रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी 1965 मध्येच तासगाव भागात करून पाहिली होती. राज्यभर ती पोचली दुष्काळाच्या तोंडावर, कायदा झाला 1977 मध्ये, आणि देशानं तसा कायदा केला थेट 2005 मध्ये. सोलापूर जिल्ह्यातलं उजनी धरण पुरं झालं 1980 ला. ही सगळी कामं मोलाची आहेत, पण प्रत्येकाच्या आधी एक संकट येऊन गेलेलं आहे.

किल्लारीच्या भूकंपात जे झालं त्याचा मला फार राग येतो. 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं धक्के बसत होते, लोक घाबरले होते. पण भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपतीचं विसर्जन आटोपून गावं झोपली असताना, दगडमातीची जड माळवदं खाली आली. आम्ही सोलापुरात भांड्यांच्या आवाजानं उठून रस्त्यावर आलो. तिकडं हजारो माणसं गेली. नकाशातला पट्टा बदलला 2002 मध्ये. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा देशानं केला 2005 मध्ये, त्सुनामीनंतर.

दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा आमचा जिल्हा सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुरात बुडाला. माढा-मोहोळकडच्या शेतांतून पिकाबरोबर मातीही गेली. मग पंचनामे सुरू झाले. पंचनामा हवाच, त्याशिवाय शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. पण पाणी कुठल्या घराच्या कितव्या पायरीला लागलं, कुठला ओढा बुजवल्यामुळं ते वस्तीत शिरलं, हे गावातल्या म्हाताऱ्यांना पंचनाम्याआधीच माहीत असतं. त्यांना ते कुणी विचारत नाही.

येत्या 1 मेच्या ग्रामसभेला जाल तेव्हा आपल्या गावातल्या दोन-तीन वयस्क माणसांना बरोबर न्या. पुराची रेघ, बुजलेले ओढे, आटणाऱ्या विहिरी त्यांच्या तोंडून इतिवृत्तात लिहून घ्या आणि पावसाळ्याआधी त्यावर काय होणार, ते सरपंचांना तिथंच विचारा.