ठासणीची बंदूक आणि तयार काडतूस

परवा रानडुकरांनी मका लोळवला अन् चुलत्यांची बंदूक आठवली. पीकसंरक्षणाच्या परवान्याची, ठासणीची. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, गजानं ठासायचं, शेवटी टोपी बसवायची. नुसता बार काढून डुकरं हाकलायची असली तर छर्रे नाहीत, दारू पण कमी. पैसा वाचायचा. पण दुसऱ्या बाराला सगळं पहिल्यापासून, तवर डुक्कर बांधापल्याड. पावसात दारू सादळली की नुसतं फुस्स. अन् जास्त पडली तर नळी फाटायची भीती.

हे माप चुकू नये म्हणून फौजेत तयार पुडी असायची. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची कागदी पुडी, आत मोजलेली दारू अन् गोळी. दातानं फोडायची, दारू ओतायची, गोळी ठासायची. वेळ वाचला, पण पुडीला वरून चरबी होती. ती गाईची अन् डुकराची, ही बातमी जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमहून पसरली. मग सरकारनं मुभा दिली, की कोऱ्या पुड्या घ्या अन् बाजारातून पाहिजे ते आणून आपल्या हातानं लावा. उशीर झाला होता. २४ एप्रिलला मेरठात ९० पैकी ८५ स्वारांनी काडतूस घेतलं नाही, ते जुन्याच पद्धतीचं असूनसुद्धा. १० मे ला भडका उडाला. दुसऱ्यानं भरलेल्या पुडीत काय आहे ही शंका एकदा आली की जात नाही. बियाण्याची पिशवी फोडताना आपलं काय होतं?

पुढं धातूचं काडतूस आलं. पुण्याजवळ खडकीचा कारखाना १८६९ चा, आपल्या जवळचा वरणगावचा १९६४ चा. पितळी पुंगळी बार झाल्यावरही शाबूत राहते अन् काडतुसात महाग तीच. म्हणून परदेशातले नेमबाज ती जपून ठेवतात, टोपी बदलून परत भरतात. आपल्या रायफलीला बसेल असं मापही त्यांना धरता येतं. मात्र साचे, दाबयंत्र, बारीक काटा हा खर्च आधीच करावा लागतो. वर्षाला चार बार काढणाऱ्याला तो फिटत नाही.

आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं दारूगोळा बनवायला परवाना लागतो. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतलंय. पण बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर-रोही मारायची परवानगी नव्हे, ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी घ्यावी लागते.

चुलते गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा केली. सध्या रात्री डबा वाजवतो.