विरळ हवेशी अनुकूलन

विरळ हवेशी अनुकूलन म्हणजे समुद्रसपाटीवरून उंच प्रदेशात गेलेल्या व्यक्तीच्या शरीराने तेथील कमी ऑक्सिजनशी क्रमाक्रमाने जुळवून घेण्याची प्रक्रिया होय. साधारणपणे २,५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर तिची गरज भासते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) या मर्यादेच्या खालीच आहे, मात्र मुंबईहून विमानाने सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे गेलेल्या प्रवाशाच्या शरीराला हा बदल काही तासांतच सोसावा लागतो.

कारण

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. परंतु उंचीबरोबर वायुदाब घटतो. लेहमध्ये तो समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश, तर ५,५०० मीटरवर जवळपास निम्मा असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात कमी ऑक्सिजन मिळतो.

शरीरातील बदल

प्रारंभी श्वसनाचा व हृदयाच्या ठोक्यांचा वेग वाढतो. जलद श्वसनाने कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडून रक्ताची अल्कता वाढते. मूत्रपिंडे काही दिवसांत बायकार्बोनेट उत्सर्जित करून ती कमी करतात. पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तद्रव घटल्याने हिमोग्लोबिनची संहती वाढते. एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाची पातळी काही तासांतच वाढू लागते. मात्र तांबड्या रक्तपेशींमध्ये लक्षणीय वाढ होण्यास काही आठवडे लागतात.

धोके

डोकेदुखी, मळमळ, थकवा व निद्रानाश ही तीव्र पर्वतीय आजाराची लक्षणे आहेत. उत्तम शारीरिक क्षमता असलेल्या व्यक्तीलाही तो होऊ शकतो. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे हे फुप्फुसात पाणी साचल्याचे, तर तोल जाणे किंवा संभ्रम हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असू शकते. या दोन्ही अवस्था प्राणघातक ठरू शकतात. रुग्णाला तत्काळ कमी उंचीवर आणणे हा त्यांवरील मुख्य उपाय होय.

प्रतिबंध

३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. भारतीय सैन्यात अनुकूलनाचा पहिला टप्पा सहा दिवसांचा असतो. ॲसिटाझोलामाइड हे औषध वैद्यकीय सल्ल्याने दिले जाते. लक्षणे असताना आणखी वर चढणे टाळावे.

दीर्घकालीन वास्तव्य

सपाटीवर परतल्यावर हे अनुकूलन काही आठवड्यांत ओसरते. तिबेटी लोकांमधील अनुकूलन मात्र आनुवंशिक असून, अनेक पिढ्यांच्या नैसर्गिक निवडीतून ते घडले आहे.