गुन्ह्यांचा दर आणि त्यामागची मोजणी

अमेरिकेत घर घेताना आपली मंडळी आधी शाळा पाहतात व मग काउंटीतील गुन्ह्यांचा दर. या दराला इतिहास आहे. पोलीसप्रमुखांच्या संघटनेने १९२९ मध्ये मोजणीची पद्धत आखली; १९३० पासून ती एफबीआयकडे आली. खून, बलात्कार, जबरी चोरी, गंभीर हल्ला, घरफोडी, चोरी व वाहनचोरी हे सात गुन्हे निवडले गेले. एका घटनेत अनेक गुन्हे घडले, तरी सर्वांत गंभीर तेवढाच धरला जात असे. आपल्या ‘क्राइम इन इंडिया’ या १९५३ पासूनच्या अहवालाचा नियमही असाच आहे.

अंशस्थानी केवळ पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे असतात. १९७३ पासून कुटुंबांना थेट विचारणारी पाहणी सुरू झाली आणि हिंसक गुन्ह्यांपैकी सुमारे निम्मे पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, हे दिसून आले. छेदस्थानी रहिवासी असतात. उपनगरातील मॉलमध्ये ग्राहक बाहेरचे, चोरही अनेकदा बाहेरचे. दर मात्र तेथील रहिवाशांच्या माथी. किरकोळ चोऱ्यांच्या संख्येत गंभीर गुन्हे झाकले जातात, म्हणून एफबीआयने २००४ मध्ये एकत्रित निर्देशांकच बंद केला.

प्रशासनाच्या दृष्टीने खरी मेख पुढेच आहे. दर कमी दाखविणाऱ्याची पाठ थोपटली, की ठाण्यात तक्रार घेण्याचीच टाळाटाळ होते. सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची नोंद अनिवार्य असल्याचा निर्वाळा द्यावा लागला, तो उगाच नव्हे. तेव्हा वाचकहो, चढा दर हा कधी असुरक्षिततेचा, तर कधी प्रामाणिक नोंदीचाही पुरावा असतो. घर घेताना एकत्रित दर बाजूला ठेवून घरफोडी व हल्ल्यांचे आकडे वेगळे काढावेत, आणि तेही सलग पाच-सहा वर्षांचे.