बोर्ड नसला तरी ‘नो पार्किंग’! शहाडमध्ये गाडी कुठे उभी करता येत नाही?

शहाडचा रेल्वे उड्डाणपूल कल्याण-मुरबाड रस्त्यावर आहे. कल्याणहून मुरबाड, माळशेजकडे जाणारी वाहनं याच पुलावरून जातात. अशा ठिकाणी फोन घ्यायला किंवा कुणाला उतरवायला एकानं गाडी कडेला घेतली, तरी मागची रांग वाढायला वेळ लागत नाही. पोलिसांनी हटकलं की ठरलेलं उत्तर येतं, “इथे बोर्ड कुठे आहे?”

पण बोर्ड असायलाच हवा असं कायदा म्हणत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२२ सांगतं की सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशा स्थितीत वाहन उभं ठेवता येत नाही. अडथळा होण्याची शक्यता असणंही पुरेसं आहे, प्रत्यक्ष कोंडी झालेली असावी लागत नाही. “मी आत बसलोय की” हेही उत्तर चालत नाही, कारण हे कलम उभ्या वाहनाबद्दल आहे, मग चालक आत असो वा बाहेर.

नेमक्या जागा कोणत्या, ते २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत आहे. फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बस स्टॉप, शाळा-हॉस्पिटलचं प्रवेशद्वार, कुणाच्याही गेटसमोर, आधीच उभ्या असलेल्या गाडीला खेटून दुसरी रांग, हे सगळं बंद. बहुतेकांना माहीत नसलेला नियम चौकाचा आहे. चौकाच्या आधी आणि नंतर ५० मीटरपर्यंत पार्किंग करता येत नाही. ५० मीटर म्हणजे एकामागोमाग लावलेल्या साधारण बारा कार. हा नियम काटेकोर लावला, तर कल्याण-डोंबिवलीतल्या अर्ध्या नाक्यांवरच्या गाड्या उचलाव्या लागतील.

बोर्ड असेल तिथे तो नीट बघा. निळ्या वर्तुळावर एक तिरपी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई. दोन लाल रेघांची फुली असेल तर थांबायलाच मनाई, प्रवासी उतरवायलाही नाही. ‘पी-१’, ‘पी-२’ असेल तर सम-विषम तारखेनुसार रस्त्याची एकच बाजू खुली असते, त्यामुळे काल चाललेली जागा आज चालेलच असं नाही.

दंड किती? महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा तोच गुन्हा केल्यास १,५०० रुपये. शिवाय कलम १२७ नुसार मनाई असलेल्या जागेवरची गाडी टो करता येते किंवा चाकाला जॅमर लावता येतो. मात्र त्यासाठी गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. टोइंग व्हॅनवरची मुलं स्वतःच्या मर्जीनं गाडी उचलू शकत नाहीत. टोइंगचा खर्च मालकालाच भरावा लागतो.

इंजिन चालू ठेवून “दोन मिनिटांत येतो” म्हणत मेडिकलमध्ये जाणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम १२६ चा. चालकाच्या सीटवर लायसन्सधारक नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवाच.

चलान चुकीचं वाटलं तर त्यातला फोटो आधी तपासा. तक्रार महाट्रॅफिक ॲपवर करता येते.