डांबराचा थेंब

घन आणि द्रव हे पदार्थांचे दोन वर्ग आपण शाळेंत शिकतों आणि पुढें जन्मभर त्या वाटणीविषयीं शंका घेत नाहीं. परंतु ही वाटणी पदार्थाच्या अंगची किती आणि पाहणाऱ्याच्या उतावीळपणाची किती, हें विचारण्याजोगें आहे. मळलेली कणीक ओढून सोडली तर आखडते. तिचाच गोळा रात्रभर ठेवला तर पसरतो. मग तिला काय म्हणावें?

ब्रिस्बेन येथील क्वीन्सलंड विद्यापीठांतील प्राध्यापक थॉमस पार्नेल यांनीं १९२७ सालीं हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढें प्रत्यक्ष मांडला. तळाशीं बंद केलेल्या कांचेच्या नरसाळ्यांत त्यांनीं तापविलेलें डांबर ओतलें, तीन वर्षें तें स्थिर होऊं दिलें, आणि १९३० सालीं नरसाळ्याचें तोंड कापलें. हातोडीच्या घावानें कांचेसारखें फुटणारें तें डांबर थेंबरूपानें उतरूं लागलें. पहिला थेंब १९३८ सालीं पडला, दुसरा १९४७ सालीं. पुढल्याच वर्षीं पार्नेल निवर्तले. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणें या डांबराचा दाटपणा पाण्याच्या सुमारें तेवीस हजार कोटीपट भरला.

याच सुमारास अमेरिकेंत अशा पदार्थांचें स्वतंत्र शास्त्र उदयास आलें. विशिष्ट जोर लावल्याखेरीज तैलरंग वाहतच नाहीं, हें यूजीन बिंगहॅम यांनीं दाखविलें होतें. मार्कस राइनर या स्थापत्यविशारदाचीं गणितें त्याच दिशेचीं होतीं. १९२९ सालीं या शास्त्राची संस्था स्थापन झाली. पुढें १९६४ सालीं राइनर यांनीं बायबलांतील डेबोरा हिच्या गीताचा आधार घेऊन असें सुचविलें, कीं ईश्वरापुढें पर्वतही वाहतात. कारण त्याचा काल अमर्याद आहे. पदार्थाला सैल पडण्यास लागणारा वेळ आणि आपल्या निरीक्षणाचा वेळ, यांच्या प्रमाणास तेव्हांपासून ‘डेबोरा-अंक’ म्हणतात.

हा अंक किती निष्ठुर असूं शकतो, हें जॉन मेनस्टोन यांच्या चरित्रावरून कळतें. १९६१ पासून त्यांनीं त्या नरसाळ्याची राखण केली. १९८८ सालीं ते क्षणभर उपाहारासाठीं गेले आणि थेंब पडला. २००० सालीं नेमका कॅमेऱ्यानें दगा दिला. ऑगस्ट २०१३ मध्यें ते वारले. नववा थेंब एप्रिल २०१४ मध्यें सुटला. बावन्न वर्षांच्या राखणींत त्यांनीं एकही थेंब पडतांना पाहिला नाहीं. मात्र त्यांनीं राखलेला प्रयोग अद्याप चालूं आहे, आणि शास्त्राला तेवढें पुरेसें आहे.