घोरण्याचा वारसा

बदलापूरहून भल्या सकाळी सुटलेली लोकल अंबरनाथ, उल्हासनगर घेत कल्याणला पोचेपर्यंत निम्मा डबा पेंगत असतो. पहाटे उठून इतका लांबचा प्रवास करणाऱ्यांना झोप येणारच, असे आम्हीही मानत आलो. पण त्यांतल्या एखाद्याची रात्रीची झोपच वाया गेलेली असते. घशातील मऊ भाग सैल पडून श्वासमार्ग मिटतो, श्वास काही सेकंद थांबतो, मेंदू दचकून जागा होतो. आणि हे तासाला कितीतरी वेळा. प्रवासाच्या शिणामागे हा विकार सहज लपतो. 'आमच्या घराण्यातच घोरणं आहे' हे वाक्यही हसण्यावारी जाते.

त्या वाक्यातले तथ्य कळायला वेळ लागला. १९५६ मध्ये अमेरिकेत बर्वेल आणि सहकाऱ्यांनी पत्ते खेळताना, हाती उत्तम पाने असूनही, झोपी गेलेल्या एका लठ्ठ गृहस्थाची हकिकत छापली. दोष त्यांनी रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडला दिला. श्वास खरोखर अडतो हे १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील रात्रभराच्या नोंदींतून दिसले. तरीही 'हा लठ्ठांचा रोग' ही समजूत टिकून राहिली.

मग १९७८ मध्ये स्ट्रोल यांनी एकाच कुटुंबातील रुग्णांचे वर्णन केले. १९९५ मध्ये सुझन रेडलाइन यांनी क्लीव्हलँडची कुटुंबे तपासली. बाधित नातलग जितके अधिक, तितका धोका अधिक. वजनाचा परिणाम वजा केल्यावरही!

आपल्याकडे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ मधल्या त्या निबंधानुसार दिवसा झोप येण्याच्या लक्षणासह हा विकार सुमारे ७.५ टक्के पुरुषांत असावा.

येथे मेंडेलचा वाटाणा मात्र उपयोगी पडत नाही. फळ्यावर आखलेल्या वंशावळीत घोरणारे आजोबा आणि घोरणारा नातू दाखवता येतील, पण त्यांना जोडणारे एकच जनुक सापडणार नाही. एकाकडून आखूड जबडा येतो, दुसऱ्याकडून मानेभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती. २०२१ मध्ये फिनलंडच्या मोठ्या पाहणीत जनुकसंचातील पाच जागा या विकाराशी निगडित आढळल्या. त्यांतील एक एफटीओ जनुकाची, ज्याचा लठ्ठपणाशी संबंध २००७ पासूनच ठाऊक होता.

वारशाने आलेला जबडा बदलत नाही. पण १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सततचा हलका दाब देऊन मिटणारा श्वासमार्ग रात्रभर उघडा ठेवून दाखवला.